तीन भिंतींचं घर

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे.) तुझं पित्त, भाऊजींचा खोकला आणि धाकटीचं लग्न, तिन्ही एव्हाना मार्गी लागलं असेल असं धरून चालतो. इकडे मी ठीक. हीसुद्धा मजेत आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितोच.

तर आमचा पत्ता बदलला. आपल्या देशाचा सिनेमा बुडाला हे तुला माहीत आहेच. तो बुडणार हे मी घरातून पळालो तेव्हापासून तू सांगत होतीस. थिएटरांची गोदामं झाली, स्टुडिओत भटकी कुत्रीसुद्धा फिरकेनात. पण आता त्याचा उद्धार करायचं वर ठरलं आहे. समिती नेमली आहे. समितीचे साहेब (आम्ही त्यांना उद्धारकर्ते म्हणतो, अर्थात ते गेल्यावर) स्टुडिओ बघायला आले, तेव्हा जुन्या माणसांपैकी मी एकटाच हजर निघालो. माझं सिनेमातलं काम तुला आठवत असेल, दिवंगत वडिलांचा फोटो. नायक माझ्यासमोर रडायचा, शपथा घ्यायचा, आणि मी भिंतीवरून बघत राहायचो. (हिने माझा एकही सिनेमा पुरता पाहिलेला नाही. फोटो दिसला की उठायची. भाजी करपते म्हणायची.) उद्धारकर्ते म्हणाले, पहिला सिनेमा स्टुडिओतल्या या जुन्या घराच्या सेटवर होणार, पण घर ओसाड वाटतंय, शूटिंग सुरू होईपर्यंत तुम्ही दोघं इथे राहा, जरा राबता दिसू दे. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. हिला विचारलं नाही, हे ओघानं आलंच.

घर झकास आहे. फक्त भिंती तीन. चौथ्या बाजूला कॅमेरा असायचा, तिथे आता नुसता अंधार आणि युनिटच्या घडीच्या खुर्च्या, मिटून रचलेल्या. जिना चढून गेलं की डोकं छताला आपटतं, नळ फिरतो पण पाण्याचा पत्ता नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर रंगवलेली बाग आहे, तिथे बारा महिने सकाळच. हॉलमध्ये माझाच फोटो. हिने पहिल्या दिवशी त्याच्यावरची धूळ पुसली, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, यापेक्षा वन्संकडे राहिले असते. बॅग काही तिने उघडली नाही. शूटिंग सुरू होईपर्यंत ही टिकते की तुझ्याकडे निघून येते, एवढीच मला धास्ती होती.

मग ते खुर्च्यांचं सुरू झालं. एका सकाळी बघतो तर एक खुर्ची उघडलेली, तोंड आमच्याकडे. मी ती मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. (स्टुडिओच्या कुलपाची किल्ली माझ्याच खिशात असते, तेव्हा बाहेरचं कोणी यायचा प्रश्न नाही.) घाबरलो, खोटं कशाला सांगू. हिला वाटलं हा माझाच चावटपणा, त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, जुनं सगळं उकरून निघालं, आईच्या पितळी डब्यावरून तुझं-हिचं जे बिनसलं तिथपर्यंत जाऊन आलो. आणि दुसऱ्या सकाळी अख्खी रांग उघडलेली.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. एवढी वर्षं ज्याच्या नावानं सगळे गळा काढत होते तो प्रेक्षक आमच्या घरी आला होता. आम्ही लोळून दिवस काढला की खुर्च्या मिटायच्या, भांडलो, हसलो की उघडायच्या. मग काय, आम्ही मन लावून राहायला लागलो. ही चहा देतानासुद्धा चेहरा तिकडे ठेवायची. मी शिंक आली तरी आधी उजेडात यायचो. मधेच अंधारातून कोणीतरी घसा खाकरल्यासारखं व्हायचं, अंगावर काटा यायचा, आणि ताई, खरं सांगतो, आनंदही व्हायचा. जन्मभर भिंतीवर लटकलो, आता पहिल्यांदा कोणीतरी मला हलताना बघत होतं. हिनेही बॅग उघडली.

उद्धारकर्त्यांना हे कळवलं. यावर बैठक घेतो म्हणाले. त्यानंतर ते आलेले नाहीत.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना सांग, थंड पाणी पिऊ नका.

तुझा,
भिंतीवरून उतरलेला भाऊ

ता. क. हिच्याबद्दल लिहायचं राहिलं. ही हल्ली समोर बसते. परवा भांडण ऐन रंगात आलेलं असताना म्हणाली, बघू तरी तिथून एवढं काय दिसतं, आणि मोकळ्या बाजूनं उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसली. तेव्हापासून उठलेली नाही. हाक मारली तर ओ देत नाही, पण हसते अगदी बरोबर जागी. चहा नेऊन ठेवतो, तो गार होतो. ताई, माझं काम बघायला ही पहिल्यांदाच थांबली आहे, त्यामुळे मला धड रडताही येत नाही.

ता. क. २. एकट्यानं किती दिवस खेचणार? मागच्या खुर्च्या मिटायला लागल्या आहेत. तू ये. डब्याचं ते भांडण घेऊनच ये, म्हणजे कदाचित ही उत्तर द्यायला तरी उठेल. येताना दारानं ये, मोकळ्या बाजूनं नको.

ता. क. ३. आज हिच्या शेजारची खुर्ची उघडली आहे. हिने रुमाल टाकून जागा धरली आहे. ती तुझ्यासाठी असावी, अशी मी मनाची समजूत घालतो आहे. कारण मी तिकडे जाऊन बसलो, तर बघायला मागे नुसता तो फोटो उरेल, आणि फोटो दिसला की ही उठून जाते.