इथे दुसऱ्यांदा विचारत नाहीत

मंगळवार, दिनांक ३ जून, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे.
भांडी घासायचे रबरी हातमोजे खिडकीत वाळत घातले आहेत. ते वाळेपर्यंत मोकळा आहे, म्हणून लिहायला बसलो.

तीर्थरूप काकांच्या चरणी पुतण्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? काकूंचे पथ्य चालू आहे की पाहुणे आले की मोडते? माझी तब्येत उत्तम आहे. (वजन चार किलो उतरले, पण ते जास्तीचेच होते असे मी धरून चालतो.) फ्रिजदुरुस्तीच्या डिप्लोमाचे वर्ग नियमित चालू आहेत आणि मी सर्वात पुढच्या बाकावर बसतो, कारण हीटर तिथे आहे आणि या देशात जूनमध्ये हिवाळा असतो.

आईने तुम्हाला सांगितले असेल की मी इथे मजेत कमावतो. त्याचा थोडा खुलासा करतो. विद्यार्थ्याला आठवड्यात वीसच तास काम करण्याची परवानगी आहे. मी एका हॉटेलात भांडी घासतो. पहिले दोन महिने मी प्रत्येक किमतीचे रुपये करून पाहत असे आणि प्रत्येक वेळी मला खाली बसावे लागे. म्हणून आता सगळे भांड्यांच्या तासांत मोजतो. खोलीचे भाडे महिन्याला सेहेचाळीस तास. (खोली म्हणजे दोन पलंग आणि मध्ये एका माणसाला तिरके उभे राहता येईल एवढी जागा.) जेवण सोळा तास, बस सात, फोन दोन. एकूण एकाहत्तर. मिळकत ऐंशी. उरतात नऊ. केस कापायला दोन तास पडतात, म्हणून केस वाढवले आहेत. फोटोत पाहून काळजी करू नये, हे वैराग्य नाही.

आता मुख्य गोष्ट. फीचा दुसरा हप्ता एकशे साठ तासांचा आहे आणि तो पंधरा जुलैला भरला नाही तर कॉलेजातून नाव कमी होते. नाव गेले की इथे राहण्याचा परवाना जातो, परवाना गेला की मी घरी. आठ महिन्यांचे माझ्याकडे बहात्तर तास साठले आहेत. बाकीचे सुट्टीत मिळणार होते, कारण सुट्टीच्या चार आठवड्यांत चाळीस-चाळीस तास काम करू देतात. मी हिशोब तीनदा करून पाहिला होता: खर्च वजा जाता फी भरून एक तास उरत होता, म्हणजे अर्धी हजामत.

पंधरा दिवसांपूर्वी मॅनेजरबाई स्वतःहून माझ्याजवळ आल्या आणि सुट्टीतले पूर्ण काम घेणार का म्हणून विचारले. काका, आपल्या घरात पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हटले आहे का? मी साबणाचे हात मागे घेऊन म्हणालो, "नको नको, उगाच तुम्हाला त्रास." आणि त्यांनी पुन्हा विचारण्याची वाट पाहत उभा राहिलो. बाई "बरं" म्हणाल्या आणि फळ्यावर दुसऱ्याचे नाव लिहून मोकळ्या झाल्या! मग माझ्या लक्षात आले की उरलेले जेवण, बक्षिशीतला वाटा आणि घरमालकिणीचे जास्तीचे पांघरूण हे सगळे मी असेच घालवले आहे.

पुढचे तीन दिवस मी त्या फळ्याजवळ रेंगाळलो. चौथ्या दिवशी बाईंनी विचारले, काही हवे आहे का? माझ्या तोंडून निघाले, "छे छे, सहजच."

माझ्या खोलीत राहणाऱ्याला आम्ही अनुभवी म्हणतो, कारण तो इथे दोन वर्षे आहे आणि एकाच इयत्तेत आहे. त्याने कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, तू काय इथे जावई म्हणून आलायस? आग्रह कोण करणार तुला?" त्याने मला रोज अर्धा तास हो म्हणायची सवय करायला लावली. तो पलंगावर बसून विचारी, "काम हवं?" मी म्हणे, "हो." शेवटी प्रश्न पुरा व्हायच्या आत हो येऊ लागले आणि अनुभवी म्हणाला, "आता जा."

गेलो. बाई भांड्यांच्या मांडणीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडले मात्र, मी ठणकावून म्हणालो, "हो!" मग त्यांचा प्रश्न पुरा झाला. तो असा होता, की या अठरा प्लेटा तू फोडल्यास का?

(प्लेटा मी फोडल्या नव्हत्या. मांडणीचा खिळा निघाला होता.)

बाई म्हणाल्या, "बारा वर्षांत पहिलाच कबूल करणारा भेटलास." प्लेटांचे नऊ तास पगारातून कापले, आणि असा माणूस हवाच म्हणून सुट्टीतले शेवटचे दोन आठवडे मला दिले, ज्याचे नाव लिहिले होते त्याला तसेही दोनच जमणार होते. जन्मात पहिल्यांदा धडधडीत खोटे बोललो आणि प्रामाणिक ठरलो. अनुभवीला सांगितले तर तो म्हणतो, खिळ्याचं आता बोलू नकोस, दोन आठवडे जातील.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. हातमोजे वाळले, निघतो.

तुमचा,
पुतण्या

ता. क. हे पत्र पैशांसाठी लिहिलेले नाही. तुम्ही काहीही पाठवायला नको. खरेच नको.

ता. क. २. विमानतळावर तुम्ही माझ्या खिशात पाकीट कोंबत होता. मी नको म्हटले, तुम्ही पुन्हा कोंबले, मी पुन्हा नको म्हटले, आणि तेवढ्यात रांग पुढे सरकली. तिसरी वेळ राहून गेली. वरच्या ता. क. मध्येही दोनदाच नको लिहिले आहे, मोजून पाहावे. पुढची पाळी तुमची.

हिशोब (तासांत):
साठलेले ७२, सुट्टीतली मिळकत १२० (पहिले दोन आठवडे वीस-वीस, शेवटचे दोन चाळीस-चाळीस), एकूण १९२.
महिन्याचा खर्च ७१, प्लेटा ९, एकूण ८०.
हाती ११२. फी १६०. देणे ४८.
काकांचे पाकीट: किती तासांचे ते ठाऊक नाही. उघडून पाहिले नव्हते.