नऊ मिनिटं कुणाकडे?

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सहा

आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. पुढेमागे क्लबने माझ्याबद्दल काही छापायचं ठरवलं तर तारखा हाताशी असाव्यात, एवढाच हेतू.

संकल्प: या महिन्यात सोलो. म्हणजे शेजारी मास्तर नसताना, एकट्याने विमान उडवायचं.

कारण: बावीस तारखेला फ्लाइंग क्लबची वार्षिक सहल, तळ्याकाठच्या धावपट्टीवर. नियम जुना आहे. ज्याचा सोलो झालाय तो विमानातून जाणार, डाव्या सीटवर, म्हणजे वैमानिकाच्या जागी. पाळीपाळीने सगळे. ज्याचा झाला नाही तो टेम्पोतून, खुर्च्यांसोबत. क्लबकडे विमान एक आणि खुर्च्या एकवीस.

गेली चार वर्षं मी टेम्पोतून जातोय. सहल समितीचा प्रमुख म्हणून खुर्च्यांपाशी जबाबदार माणूस हवाच, ते खरं. यंदा ती जबाबदारी दुसऱ्या कुणी घ्यावी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आजचा तास उत्तम झाला. लँडिंग माझं. मास्तरांनी विमान वळवायचा दांडा नुसता सोबतीला धरला होता. उतरल्यावर म्हणाले, दांडा दोन बोटांत धरायचा असतो, तुम्ही पीठ मळता. एकसष्ट तास झाले तुमचे, आता तरी मळणं थांबवा. मास्तर सत्तरीचे आहेत, हाताला कंप आहे. विमान हललं ते त्यामुळे. वयाचा मान ठेवून हो म्हणालो.

साडू भेटले. हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बेकरी आहे त्यांची. क्लबचा पत्ता त्यांना मीच दिला, ही आयुष्यातली एक ठळक चूक. आठ महिन्यांपूर्वी आले आणि चौथ्या महिन्यात सोलो. त्यांचा फोटो भिंतीवर लागलाय, माझ्या नेहमीच्या जागेच्या बरोबर वर. मला तो दिसत नाही, पण माझ्याशी बोलणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघत बोलतो.

३ फेब्रुवारी, दुकानात

(माझं चष्म्याचं दुकान आहे. छापणाऱ्याला लागेल म्हणून लिहून ठेवतो.)

रेडिओवर बोलण्याचा सराव. एक आजीबाई तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या, मी प्रत्येक अक्षर वैमानिकांच्या पद्धतीने परत म्हणत होतो. ईला एको. एफला फॉक्सट्रॉट. पीला पापा. त्या म्हणाल्या, पापांना जाऊन तीस वर्षं झाली. डोळे पुसत निघून गेल्या. चष्मा घेतला नाही.

उच्चार मात्र स्वच्छ येतायत.

५ फेब्रुवारी

घरी सराव. जेवणाच्या टेबलाची खुर्ची म्हणजे सीट, छत्री म्हणजे दांडा. अर्ध्या तासात छत्रीच्या दोन काड्या गेल्या. हिला सांगितलं, वारा आडवा होता.

ताब्याचा नियम घोकला. विमानात दोघांपुढेही दांडा असतो, म्हणून तो कुणाकडे आहे हे मोठ्याने सांगायचं. ज्याला घ्यायचाय त्याने म्हणायचं, "माझ्याकडे." दुसऱ्याने तत्काळ सोडायचा आणि म्हणायचं, "तुमच्याकडे." दुसऱ्या क्लबांत हे इंग्रजीत चालतं म्हणे. आमचे मास्तर म्हणतात, घाबरलेल्या माणसाला घरचीच भाषा सुचते. या नियमात मी पक्का आहे. मास्तरांना "माझ्याकडे" म्हणायची सवय फार, त्यामुळे माझा सराव दांडगा.

हिला म्हणालो, यंदा सहलीला विमानातून चल, माझ्या मागच्या सीटवर. म्हणाली, मी आपली टेम्पोतच बरी. विमानाची भीती वाटते का विचारलं. विमानाची नाही म्हणाली. मग कशाची, ते सांगितलं नाही. बायकांचं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

फार घडामोडी झाल्या. क्रमाने लिहितो.

मागच्या सीटवर एक वाळूची गोणी असते, विमानाचा तोल नीट राहावा म्हणून. ती उंदरांनी कुरतडली. क्लबचा मिस्त्री म्हणाला, साठेक किलोचं काहीही चालेल. ही सहलीची यादी द्यायला क्लबमध्ये आली होती. सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं. वजन जाहीर झाल्याचा हिला आधी राग आला, मग भीती वाटली. पण मास्तरांनी हात जोडले तेव्हा चढली. डोळे घट्ट मिटून बसली.

वर गेल्यावर दांडा माझ्याकडे होता. हवा उनाड, विमान वरखाली. हेडफोनमध्ये हिचे सुस्कारे ऐकू येत होते. थोड्या वेळाने हवा शांत झाली. मास्तरांनी तोल बसवायचं ट्रिमचं चाक फिरवून विमान सरळ करून दिलं. तेवढ्यात मागून हिने विचारलं, "अहो, पाण्याची बाटली कुणाकडे आहे?"

मास्तर म्हणाले, "माझ्याकडे."

मी त्याच क्षणी दांडा सोडला. "तुमच्याकडे," म्हणालो. शिस्त म्हणजे शिस्त. मास्तरांनी बाटली मागे दिली. एका हाताने विमान, दुसऱ्या हाताने बाटली. या वयात हा माणूस काय काय करतो, असं मनात आलं.

मग मी हात मांडीवर ठेवून बाहेर बघत बसलो. शेतं, रस्ते, लाल छपराची एक शाळा. विमान टेबलावर ठेवल्यासारखं स्थिर. मास्तर मधूनच घड्याळ बघत होते, मधूनच माझ्याकडे बघून मान डोलवत होते. मीही डोलवली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आता माझ्याकडे." आधीपासून त्यांच्याकडेच होतं. सत्तरी, दुसरं काय. मी "तुमच्याकडे" म्हणून त्यांचं समाधान केलं.

उतरल्यावर मास्तरांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, नऊ मिनिटं. बासष्ट तासांत आज पहिल्यांदा तुम्ही विमानाला त्रास दिला नाहीत. पुढच्या रविवारी सोलो.

टाळ्या झाल्या. साडूंनी बेकरीतून केक मागवला.

मी तिथल्या तिथे खुलासा करणार होतो. पण तोंडात केक होता.

९ फेब्रुवारी

शांत डोक्याने मांडणी केली. नऊ मिनिटं मी चालवत नव्हतो, कारण मास्तर चालवत होते. मास्तर चालवत नव्हते, कारण मी चालवत होतो. ही मागे होती.

गिऱ्हाइकाला वाचायच्या चष्म्याऐवजी उन्हाचा दिला.

१० फेब्रुवारी

विमानाच्या हँगरमध्ये जाऊन मिस्त्रीला सहज विचारलं. समजा, नुसतं समजा, वर असताना दांडा कुणीच धरला नाही, तर? मिस्त्री पाना पुसत म्हणाला, हवा शांत असेल आणि ट्रिम नीट बसली असेल तर दहा मिनिटं सुखाने जातं. माणसं धरतात म्हणून डुगडुगतं.

म्हणजे प्रश्न सुटला. दांडा न धरण्याचा निर्णय कुणी घेतला? मी. योग्य वेळी घेतला का? घेतला. मग वैमानिक कोण? विमानाला त्याच्या मनासारखं वागू देणं ही वरची पायरी असते. साडू अजून धरूनच उडवतात.

११ फेब्रुवारी

साडू दुकानात आले. मिठीच मारली. म्हणाले, साडूभाऊ, भिंतीवर तुमच्या फोटोसाठी जागा केली, माझा जरा डावीकडे सरकवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माणूस वाईट नाही, हे लिहायला जड जातंय.

संध्याकाळी ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही त्या दिवसासारखं चालवणार असाल, तर येते मी सहलीला विमानातून."

सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कामाबद्दल ही असं बोलली नव्हती. फार बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं. मग जेवलो.

१२ फेब्रुवारी

संकल्प: मास्तरांना खरं सांगायचं. उद्या.

१३ फेब्रुवारी

घसा बसलाय. या घशाने खरं सांगता येणार नाही. मास्तरांना फोन करून कळवलं, की घशामुळे रविवारचा सोलो पुढे ढकलावा लागेल. मास्तर म्हणाले, विमान घशाने चालवत नाहीत. आणि फोनवर तुमचा आवाज खणखणीत येतोय.

१४ फेब्रुवारी

सकाळपासून पाच वेळा गच्चीत जाऊन वारा बघितला. समोरच्या दोरीवरचा पायजमा हलत नाही. वारा सुटला तर सोलो रद्द होतो. वर्षभर नको तेव्हा वाहणारा वारा आज कुठे मेलाय कळत नाही.

चिठ्ठी लिहिली: "आदरणीय मास्तर, गेल्या रविवारी एक छोटासा गैरसमज झाला." छोटासा खोडला. मग गैरसमज खोडला. उरलेलं वाक्य वाचून फाडून टाकलं.

मला भीती वाटतेय. इथे लिहायला हरकत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

धावपट्टीच्या टोकाशी मास्तर उतरले. माझा खांदा थोपटला, दार लावलं आणि वॉकीटॉकी घेऊन गवतात जाऊन उभे राहिले. कुंपणापाशी ही, साडू, सगळा क्लब. साडूंच्या हातात कॅमेरा.

शेजारची सीट रिकामी. मागे नवी गोणी. परवानगी मागितली, मिळाली. इंजिनाचा जोर वाढवायचा थ्रॉटल पुढे केला. विमान पळायला लागलं. मग डावीकडे ओढायला लागलं. मी उजवीकडे घेतलं, जरा जास्तच. मग डावीकडे, त्याहून जास्त. पीठ मळणं सुरू झालं हे माझं मलाच कळत होतं, पण हात ऐकत नव्हते.

मी रेडिओचं बटण दाबून ओरडलो, "तुमच्याकडे!" आणि दोन्ही हात सोडून दिले.

रेडिओ खरखरला. मग मास्तरांचा आवाज आला. "माझ्याकडे काय? मी गवतात उभा आहे. थ्रॉटल मागे ओढा."

ओढला. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि कुंपणाच्या चार हात अलीकडे थांबलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. हे श्रेय माझं समजायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात मास्तर धावत आले. सत्तरीचा माणूस, धापा टाकत, आणि रागावण्याऐवजी विचारत होता, की लागलं नाही ना कुठे.

मग माझ्याने राहवेना. सांगून टाकलं. तोवर सगळे जमले होते, त्यामुळे सगळ्यांनाच सांगितलं गेलं. म्हणालो, त्या रविवारी नऊ मिनिटं मी चालवत नव्हतो. तुम्ही "माझ्याकडे" म्हणालात म्हणून मी सोडलं होतं.

मास्तर म्हणाले, "ते बाटलीबद्दल म्हणालो होतो."

आणि गवतात बसले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, मग चालवत कोण होतं? मिस्त्रीने विमानाच्या नाकावरून हात फिरवला.

ही मात्र शांत होती. म्हणाली, "पाणी प्यायला डोळे उघडले, तेव्हा मला दिसलं होतं की. दोघांचेही हात मांडीवर. मला वाटलं, चांगलं चालवतात ते असंच. तेवढी नऊ मिनिटंच मला भीती वाटली नाही."

विमानाची नाही तर कशाची भीती, हे मला आता विचारावं लागलं नाही. साडूंनी कॅमेरा खिशात घातला.

१७ फेब्रुवारी

क्लबची तातडीची बैठक. ठराव असा, की यापुढे विमानात "माझ्याकडे" आणि "तुमच्याकडे" हे शब्द दांड्याखेरीज कशासाठीही वापरायचे नाहीत. बाटली, चष्मा, रुमाल यांच्याबाबत "आहे" किंवा "नाही" एवढंच म्हणायचं. मास्तरांनी आपली चूक सर्वांसमोर मान्य केली आणि मग माझी मान्य केली.

माझ्यामुळे नियमावलीत दुरुस्ती झाली. संस्थेत हे फार थोड्यांना जमतं.

दुसरा ठराव: सहलीच्या खुर्च्यांची जबाबदारी एकमताने माझ्याकडे. (हा शब्द इथे चालतो. विमानाबाहेर आहे.)

२० फेब्रुवारी

साडूंनी भिंतीवरचा फोटो परत मधे सरकवला नाही. शेजारची जागा रिकामीच ठेवली आहे. म्हणाले, असू दे, घाई काय आहे. हे मला सहन होत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार, तळ्याकाठी

पहाटे खुर्च्या मोजून टेम्पोत चढवल्या. मी मागे, खुर्च्यांना धरून. ही निघताना माझ्याबरोबर चढणार तेवढ्यात मास्तरांनी हाक मारली, विमानात एक जागा आहे म्हणाले. हिने त्यांना एवढंच विचारलं, "हे टेम्पोतूनच येणार ना?" ते हो म्हणाले. मग ही गेली.

अर्ध्या वाटेत विमान डोक्यावरून गेलं. डाव्या सीटवर साडू असणार. मी हात हलवला, तेवढ्यात चार खुर्च्या घसरल्या, त्या पायाने अडवल्या.

पोचलो तेव्हा ही तळ्याकाठी उभी होती. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी ओळखलंच नाही आधी. जवळ आली आणि सांगत सुटली. शाळा दिसली, रस्ते दिसले. "आणि तुमचा टेम्पो दिसला. काय सुरेख सरळ चालला होता."

मी म्हणालो, "टेम्पो ड्रायव्हर चालवत होता."

ही म्हणाली, "ते कळलं हो मला," आणि बसायला खुर्ची मागितली.