रंग गोरा, घरकामात निपुण

नागपूर,
मार्च १९८४

प्रिय देवकी,
सरकारी दप्तरात अजूनही बेपत्ता असलेल्या माझ्या लेकी,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांनी आईला लिहायचं आणि तेही उघडं कार्ड! त्यात काय, तर वीज केंद्राच्या दवाखान्यात नर्सची पक्की नोकरी लागली, पोलिसांच्या पडताळणीत मी बेपत्ता निघाले, ठाण्यात गेले तर वर्णन जुळत नाही म्हणून हाकललं, महिनाअखेरपर्यंत कागद दिला नाही तर जागा जाईल, बाबांच्या तक्रारीची नक्कल पाहिजे, बाकी काही नको. वा वं वा. पोस्टमनने वाचलं, मग शेजारच्या इंदुताईने वाचलं, मग माझ्या हातात आलं. निदान गल्लीत आता कोणाला काही सांगायचं उरलं नाही. 'बाकी काही नको' हे तू खाली रेघ मारून लिहिलंस. तुझी ही रेघ मारायची सवय बाबांची आहे, हे सांगितलेलं तुला आवडणार नाही म्हणूनच सांगून राहिले.

ती तक्रार कशी झाली ते तुला अर्धंच माहीत आहे. तू चिठ्ठी ठेवून गेलीस की रवींद्रशी लग्न करते, खापरखेड्याला कॉलनीत राहीन. चिठ्ठीत क्वार्टरचा नंबरसुद्धा होता. तुझ्या बाबांनी ती चुलीत घातली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि ठाण्यात जाऊन मुलगी हरवली म्हणून लिहवून आले. काहून? तर पळाली म्हटलं की नाक जाते, हरवली म्हटलं की लोक चहा पाजतात. त्यात मुलगा कोण, तर ज्याच्या आईबापाने छप्पन साली दीक्षा घेतली अशा घरचा. मग तर हरवलेलीच बरी! तेव्हापासून लग्नाकार्यात लोक यांच्या पाठीवर हात ठेवतात आणि हे धोतराच्या सोग्याने डोळे पुसतात. मी एकदा भर पंगतीत म्हणाले, की खापरखेड्याला बर्डीवरून बस मिळते. यांना असा ठसका लागला की वाढप्याला पाणी घेऊन पळत यावं लागलं. घरी आल्यावर म्हणाले, त्या बसमध्ये बसशील तर या घरात परत पाय ठेवायचा नाही. ही तुझ्या बाबांची मर्दुमकी.

तर मी ठाण्यात गेले. तिथे लिहायला बसतो त्याला मोहरर म्हणतात. सगळं ठाणं त्याच्या लेखणीवर चालतं असं त्याला वाटतं. मी सांगितलं, जुन्या तक्रारीची नक्कल पाहिजे. त्याने मान वर न करता विचारलं, घरी माणूस नाही का? दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला जुन्या रजिस्टरांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो सासुरवाडीला गेला होता. सरकारचं दप्तर कोणाच्या सासुरवाडीवर अडून बसतं हे मला या वयात कळलं. चौथ्या खेपेला त्याने चहापाण्याचा विषय काढला. मी म्हणाले, घरून पिऊन आले.

मग मी कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडे गेले. तो झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसतो आणि प्रत्येक अर्जात 'सविनय' चार वेळा घालतो. मी तीन काढायला लावले. तू पुढेमागे कुठेही सरकारी कागद मागशील तर माझं ऐकून ठेव. तोंडी कधी मागू नको, तोंडी मागणाऱ्याला ही माणसं भिकारी समजतात. साध्या कागदावर ठाण्याच्या इन्स्पेक्टराच्या नावाने लिहायचं. तक्रार कोणी दिली, कोणत्या साली, कोणाबद्दल, आपलं नातं काय, नक्कल कशाला पाहिजे, एवढंच, रडगाणं नको. कोर्टफीचं तिकीट लावायचं. आणि अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही. हे मी सांगितलं तेव्हा मोहररने ती दुसरी प्रत मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली. पण शिक्का मारला. त्या दिवशी पहिल्यांदा मला बसायला बाकड्यावरचं हेल्मेट बाजूला केलं.

बसवून मग सांगितलं की नक्कल तक्रार देणाऱ्यालाच मिळते. म्हणजे तुझ्या बाबांची सही पाहिजे. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं, पण मग ठाण्यात दिवसभर करायचं काय?

बाबांपुढे अर्ज ठेवला तेव्हा ते पान लावत होते. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. मी म्हणाले, तिची नोकरी जाऊन राहिली, एक सही करा. त्यावर हे महाशय काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते: "मी सही केली तं ती सापडली असं होते. आठ वर्षं मी लोकाईले काय सांगितलं? आता काय तोंड दाखवू?" पोरीची भाकर एका बाजूला आणि यांचं तोंड दुसऱ्या बाजूला, आणि तोंड जड भरलं! मी त्यांच्या पुढ्यातला पानाचा डबा उचलला आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला, जिथे त्यांचा हात पोचत नाही. अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मोहररला ओलांडून सरळ इन्स्पेक्टराच्या खोलीत गेले. माणूस तरुण आहे, बरा आहे, फक्त समोरचा बोलत असताना कान कोरतो. म्हणाला, नक्कल तुम्हाला देता येणार नाही, पण बाई, मुलगी सापडली असेल तर नोंदच बंद करून घ्या ना. ती स्वतः येऊन जबाब देईल आणि घरचं कोणी ओळखेल, तर नोंद बंद केल्याचा दाखला तिच्याच हातात देतो. पडताळणीला तोच लागतो. त्याला वडिलांची सही कशाला? मी कपाळावर हात मारला. इतके दिवस तो दाखला त्या भिंतीच्या पलीकडे बसला होता आणि मोहररने मला त्याचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

इन्स्पेक्टराने जुनं रजिस्टर मागवलं. किल्ली लगेच सापडली. मोहरर तुझं वर्णन मोठ्याने वाचायला लागला आणि देवकी, मी पदर तोंडात धरला. ऐक. रंग गोरा. बांधा सडपातळ, उंची चांगली. नाक सरळ. स्वभाव शांत व मनमिळाऊ. घरकामात निपुण, भरतकाम येते, भजने म्हणते. मी विचारलं, साहेब, पत्रिका पण जोडली आहे का? तुझ्या बाबांनी तेव्हा स्थळांना पाठवायला तुझी माहिती लिहून ठेवली होती ना, तीच ठाण्यात घडाघडा म्हणून दिली! हरवल्या पोरीचं वर्णन द्यायचं तिथेही पोर काळी म्हणायची लाज वाटली. असल्या वर्णनावर पोलिसांनी शोधलं असतं तर त्यांना कोणाची तरी गोरी, शांत पोर सापडली असती आणि आपल्या घरी आणून बसवली असती.

मग मला तुझ्या कार्डातली ती ओळ समजली, की मी ठाण्यात गेले तर वर्णन जुळत नाही म्हणून हाकललं. तुला वाटलं तुझ्या सासरचं नाव ऐकून त्रास देऊन राहिले. तेही असेल, मोहररचा चेहरा मी पाहिला आहे. पण त्याच्या रजिस्टरात खरोखर दुसरीच पोर होती. तो मला म्हणालाही, की मागे एक काळीसावळी, ठेंगणी, चष्मेवाली बाई येऊन भांडून गेली, मीच देवकी म्हणत होती. मी म्हणाले, भांडली ना? मग तीच.

तुला चष्मा लागला हे मला एका मोहररच्या तोंडून कळलं.

इन्स्पेक्टराने मला नवं वर्णन द्यायला लावलं. मी सांगितलं आणि मोहररला अक्षर न अक्षर लिहायला लावलं. रंग काळासावळा. उंची बेताची. उजव्या भुवईत खोक, पेरूच्या झाडावरून पडली तेव्हाची. नाक बसकं, माझ्यासारखं. स्वभाव तापट. भरतकाम येत नाही, पोळ्या जाड करते. चुकली तरी चूक कबूल करत नाही. शेवटचं वाक्य त्याने लिहिलं नाही, रकाना संपला म्हणाला.

आता कामाचं. येत्या मंगळवारी सकाळी अकराला ठाण्यात ये. नोकरीचं पत्र आण, लग्नाचा दाखला आण, रवींद्रला आण. चष्मा लावूनच ये, मला पाहायचा आहे. तू जबाब द्यायचा की स्वखुशीने गेले, आणि मी ओळखायचं. मी फाटकापाशी उभी असेन. एक रकाना मात्र राहून गेला होता. सापडलेल्या व्यक्तीस कोणाच्या ताब्यात दिले? इन्स्पेक्टर म्हणाला, अठ्ठावीस वर्षांच्या बाईला कोणाच्या ताब्यात द्यायची गरज नाही. मोहरर म्हणाला, रकाना मोकळा ठेवता येत नाही, वडिलांचं नाव टाकतो. मी लेखणी त्याच्या हातातून घेतली आणि माझं नाव लिहिलं. म्हणजे मंगळवारी सरकार तुला माझ्या ताब्यात देणार, आणि ताब्यात घेतलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं? बाबांना सांगून झालं आहे की मी त्या बसमध्ये बसणार. ते म्हणाले, मग परत येऊ नको. मी म्हणाले, बरं. माझी पिशवी भरून इंदुताईकडे ठेवली आहे, चांगली जड आहे, रवींद्रला उचलायला सांग. तू रेघ मारून लिहिलंस की बाकी काही नको. मला मात्र पाहिजे आहे, वं. खापरखेड्याच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा माझ्यासाठी धर.

ठाण्याच्या रजिस्टरात आता आपल्या हाताने नाव लिहिलेली,
तुझीच आई
कौसल्या