बुधवारचा पेन ड्राइव्ह

१५ नोव्हेंबर, शनिवार
स्टुडिओच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली! ऐन लग्नसराईत हेच व्हायचं राहिलं होतं. बॅकअप आहे, तेवढाच धीर. फार थकलोय.

१६ नोव्हेंबर
तलमडुगूहून पूनम आली. तिचे वडील रामाजी गुरुवारी गेले. तेरवीला मांडायला फोटो पाहिजे. घरात एकही नाही. "मोबाईल धरला का बाबा तोंड फिरवत, दादा. बुधवारी मात्र नवा फेटा बांधून तुमच्याकडंच आले होते, फोटोसाठी."
"असणारच," मी म्हणालो. अगदी छातीठोक.

१७ नोव्हेंबर
नवी डिस्क बसवली. आधीच्या रविवारचा पूर्ण बॅकअप चढवला, त्यावर सोमवार, मग मंगळवार. वाराप्रमाणे पेन ड्राइव्ह वेगळे. बुधवारचा जागेवर नाही!

पूर्वी रोज रविवारनंतरचं सगळंच साठवायचो. परत मिळवायला रविवारचा आणि शेवटचा, दोनच पुरायचे. पण वेळ जायचा, ड्राइव्ह भरायचे. म्हणून दिवाळीत मीच बदललं — आदल्या बॅकअपनंतर नवं असेल तेवढंच. आता गुरुवारच्यात फक्त गुरुवार. मधला एक हरवला की त्या दिवसाचं काम गेलंच. अतिशहाणपणा नडला, दुसरं काय!

१८ नोव्हेंबर
ड्राइव्ह देवानंदने नेला होता! बायकोचा भाऊ, काय बोलणार — पण बोललो, नको ते बोललो. "जीपमधी गाणे ऐकाले नेला, भाऊजी. काऊन एवढे चिडून राह्यले?" आणि ती जीप आता नेरडीगोंड्याला, त्याच्या दोस्ताकडे.

२० नोव्हेंबर
पूनमचा तिसरा फोन. "आई इचारून राह्यली." उचलायचीही लाज वाटते.

२२ नोव्हेंबर
ड्राइव्ह आला! गाणी एका बाजूला, आमची फाईल जशीच्या तशी. बुधवार चढवला, मग गुरुवार, शुक्रवार. सगळं परत आलं, एकही फोटो कमी नाही. देवानंदला चहा पाजला. उगाच बोललो बिचाऱ्याला. डोळे मिटतायत. रामाजींचा फोटो सकाळी काढून ठेवतो.

२३ नोव्हेंबर
बुधवारचे सगळे फोटो तीनदा पाहिले. रामाजी कुठेच नाहीत.
आता आठवलं. मी अल्बम लावत होतो. मान वर न करताच म्हणालो होतो — "काका, आज लई गर्दी हाय. उद्या या."