टाचेचं मलम

लातूर,
बुधवार दुपार

प्रिय उर्वी,

या खोक्यात वर बाटली आहे आणि बाटलीखाली हे पत्र. तू आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचशील आणि मग पत्र, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तू वाचायला शिकलीस तीच मुळी आपल्या मेडिकलमधल्या खोक्यांवरून. बालवाडीच्या बाईंनी ‘क’ कशाचा म्हणून विचारल्यावर तू ‘कफ सिरपचा’ म्हणाली होतीस. तुझ्या आईने तेव्हा मला चांगलंच फैलावर घेतलं होतं, पोरीला शाळेआधी दुकान शिकवलं म्हणून. मी मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगत सुटलो होतो, आणि अजूनही संधी मिळाली की सोडत नाही.

बाप पत्र लिहायला बसलाय म्हणून हसू नकोस. त्या दिवशीच्या तुझ्या फोननंतर मी तुला एकदाही फोन केला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. आई तुझ्याशी बोलत असली की मी शेजारी उभा राहून ‘जेवतेय का नीट’ एवढं खुणेने विचारून घेतो. परवा आईने फोन ठेवला आणि सांगितलं की तू बाळंतपणाला लातूरला येत नाहीस. नांदेडच्या डॉक्टरीणबाई आता सवयीच्या झाल्यात, ऊन फार आहे, प्रवास नको. कारणं सगळी बरोबर आहेत, एकाही कारणाला नाव ठेवायला जागा नाही. पण पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं. दुकानाच्या वरची तुझी खोली मी रंगवून घेतली आहे, कूलरला नवी जाळी बसवली आहे, आणि सातवा संपत आलाय. आठव्यात पोरीला हलवत नाहीत म्हणून आईने घर डोक्यावर घेतलं आहे. तू येत नाहीस हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. शेषेराव गुरुजी, रोज सकाळी आपल्या दुकानात फुकट पेपर वाचायला येणारे, काल मला म्हणाले, “मालक, गोळ्या मला द्यायच्यात का तुम्हीच घेणार हो?” मी पाकीट हातात धरून तसाच उभा होतो.

त्या मलमाचं मात्र एकदा पूर्ण सांगू दे, कारण तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. गेल्या महिन्यात मी वर जेवायला आलो, तेव्हा आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, “उर्वीच्या टाचा लई फुटल्यात म्हणे, एखादं चांगलं मलम द्या.” मी काय, खूश! पोरगी सासरी गेल्यापासून बापाच्या दुकानातून काही मागत नव्हती. सर्दी झाली तरी नांदेडात विकत घेणार. आता मागितलं आहे तर माझ्या लेकीला मी हलकी वस्तू देईन होय? काळ्या रानात अनवाणी चालणाऱ्या माणसाची घट्ट झालेली कातडी सोलून काढणारं, त्यातल्या त्यात कडक मलम मी फळीवरून काढलं. वर आणखी शहाणपणा केला. खोक्यावर फुटलेल्या टाचेचा मोठा फोटो होता, आणि ज्याच्या हाती पाठवायचं तो बसचा ड्रायव्हर पडला ओळखीचा. आपल्या लेकीच्या पायांची अशी जाहिरात नको, म्हणून खोकं काढून टाकलं आणि नुसती ट्यूब पेपरात गुंडाळून दिली. तुझ्या हातात पडली ती पांढरी ट्यूब, ‘कोरड्या व खरखरीत त्वचेसाठी’ लिहिलेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तू बारीक अक्षर वाचलं नाहीस, कारण ती बाबांनी पाठवली होती.

मग तुझा फोन आला. शनिवारी, बाजाराच्या गर्दीत. तुला माहीत आहे, माझे दोन्ही हात कप्प्यांत असतात, म्हणून फोन गल्ल्याजवळ स्पीकरवर टाकलेला. मला वाटलं आईऐवजी चुकून मला लागला. तू मात्र सरळ सुरू केलंस, “बाबा, तुम्ही पाठवलेलं मलम मी पोटाला लावलं. स्ट्रेच मार्क्स आलेत ना, त्यासाठीच मागवलं होतं. आग आग झाली, सगळं पोट लालभडक झालंय. डॉक्टरांना दाखवून आले. बाळाला काही नाही, मलाही दोन-तीन दिवसांत उतार पडेल म्हणाल्या. पण ते पायाचं मलम होतं बाबा. पुढच्या वेळी काही पाठवण्याआधी मला फोन करून विचारत जा.” सगळ्या दुकानाने ऐकलं. गुरुजींनी पेपर तोंडासमोर धरला. आणि तू शेवटी विचारलंस, “आता खरं सांगा, काय लावलं म्हणजे हे वळ जातील?” मी फक्त “पाठवतो” म्हणालो आणि फोन कापला. तिथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढचं नाही.

फोन कापून मी मान वर करतोय तोवर साखराबाई पुढे आल्या. रेणापूरहून दर बाजाराला जीपने येतात, मालकांच्या साखरेच्या गोळ्या न्यायला. पिशवीत हात घालून त्यांनी एक ट्यूब काढली आणि काउंटरवर ठेवली. तीच ट्यूब, मीच नुकती दिलेली, टाचेसाठी म्हणून. म्हणाल्या, “भाऊ, हे परत घ्या. माझ्या सुनंलाबी पोटालाच पाहिजे व्हतं. आता गड्यामाणसाला कसं सांगावं, म्हणून म्या टाचंचं म्हणले. तुमची लेक बोलली म्हणून कळलं, न्हाई तर आज संध्याकाळी लावलं असतं की तिनं.” कुठलं मलम कुठं लावायचं नाही, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण समोरची बाई टाच म्हणते तेव्हा ती टाच असतेच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुझ्या एका फोनमुळे रेणापूरच्या एका पोरीचं पोट भाजायचं वाचलं, उर्वी. ती पोर तुला ओळखतही नाही.

दुपारी मी वर गेलो तो आईशी भांडायच्या तयारीनेच. खोटं का सांगितलं मला? आई काही घाबरली नाही. हातातला तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, “तुमच्यासमोर पोटाचं नाव कोण घेतं?” आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी भांडण विसरून खाली बसलो. तुझ्या वेळी तिच्याही पोटाला अशीच खाज सुटायची. माझी आई म्हणायची, खाजवू नको, वळ उठतील, बाळाला जावळ येतंय म्हणून खाजतंय. आईने सगळं सोसलं आणि मग शेजारणीला पाठवून क्रीम आणवलं. कुठून? समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या मेडिकलमधून! खाली नवऱ्याचं दुकान क्रीमच्या खोक्यांनी भरलेलं, आणि वर बायको दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक. तेही एकदा नाही, तू होईपर्यंत. मी इतका चिडलो की आधी कंपनीचं नाव विचारलं. आई हसायला लागली, मग मलाही हसू आलं, आणि मग ती जरा रडली. म्हणाली, “उर्वीसारखं मला एकदाबी बोलता आलं नाही.” तेव्हा मी पण रडलो, हे तुला ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

तर आता दुकानात काय चाललंय ते ऐक. रोज दुपारी आई काउंटरला बसते. आधी नाही म्हणत होती, मला यातलं काय कळतंय म्हणून. मी म्हटलं, औषधाचं मला कळतं, तू फक्त विचार, कुठं लावायचंय. पहिल्या दिवशी एक बाई आली, दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. आता त्या वेळेला दुकानात नुसती कुजबुज असते. गुरुजींनी आपली खुर्ची आपण होऊन बाहेर पायरीवर नेली आहे, उन्हाने तोंड लाल होतं पण आत येत नाहीत. आई चिठ्ठी लिहून मला देते, मी मागच्या फळीवरून वस्तू काढून देतो. पेपरात गुंडाळणं मी बंद केलं आहे. वस्तू हातात देतो आणि काय आहे ते स्वच्छ सांगतो. आईचा रुबाब तर विचारूच नकोस. काल एका नवरोबाला तिने परत पाठवलं, बायकोला विचारून ये म्हणून.

आता या बाटलीचं. दिसायला गरीब आहे, वास तर अजिबात नाही, आणि म्हणूनच निवडली. गुलाबाचा, चंदनाचा वास असलेलं काही या दिवसांत पोटाला लावू नकोस, त्वचा हुळहुळी झालेली असते. तुझी त्वचा आता पूर्ण बरी झाली असेल तरच हे सुरू कर, आणि आधी डॉक्टरीणबाईंना दाखव, माझ्या नावावर जाऊ नकोस. अंघोळ झाली की अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत हलक्या हाताने लावायचं, रगडायचं नाही. विहीणबाईंनी घाण्यावरचं करडईचं तेल आणलं आहे असं आई म्हणाली. सोसत असेल तर तेही चालेल, त्यांचं मन मोडू नकोस. फक्त सुरकुत्या घालवायची जी महागडी क्रीमं ऑनलाइन येतात, ज्यांच्यावर रेटिनॉल लिहिलेलं असतं, त्यांना या दिवसांत हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट गाठीला बांध: तळहात, तळपाय खाजायला लागले, अंगावर पुरळ नसताना, तर ते जावळ नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुणी काहीही म्हणो.

राहिला तुझा प्रश्न. काय लावलं म्हणजे वळ जातील? काहीही लावलं तरी जात नाहीत, उर्वी. खाज थांबते, कातडी मऊ राहते, ओढ कमी वाटते. वळ कालांतराने फिके पडतात, आईचे पडलेत, पण राहतात. आयुष्यभर मी खोक्यांवरचं वाचून दाखवत आलो आणि विकत आलो, आणि त्या दिवशी भर बाजारात माझ्या लेकीने ‘खरं सांगा’ म्हटलं तेव्हा माझ्या तोंडून ते निघेना. पण फोन मी त्यासाठीही कापला नाही आणि रागानेही नाही. आई काल म्हणाली, तुला वाटतंय की तुझ्यामुळे चार माणसांत बाबांची मान खाली गेली, म्हणून बाबा बोलत नाहीत, आणि म्हणून तू येत नाहीस. हे ऐकल्यावर मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र. मान खाली गेली होती हे खरं आहे, वेडे, पण ती डोळे पुसायला. माझी आई, माझ्या बहिणी, माझी बायको, कुणीही मला कधी सांगितलं नव्हतं की कुठं दुखतंय. मी दवा विकणारा माणूस, आणि माझ्याच घरच्या बाया टाचेचं नाव सांगून मला चुकवत राहिल्या. तू पहिली बोललीस, सरळ, माझी चूक माझ्याच पदरात टाकून. त्या गर्दीत मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं की बघा, ही माझी लेक आहे, पण तेव्हा “पाठवतो” एवढंच जमलं. नांदेडच्या डॉक्टरीणबाई खरोखर तुझ्या मनासारख्या असतील तर तिथंच राहा, मी आणि आई तिकडे येऊन राहू, मला जरासुद्धा वाईट वाटणार नाही. पण माझ्यामुळे येत नसशील, तर रविवारी सकाळी मी घ्यायला येतो. येणार की नाही, ते आईला सांगू नकोस. मला सांग.

तुझाच,
बाबा