जरनेलसाहेबाची पत्रिका

अमरावती, आश्विन शुद्ध पंचमी, शके १७८७

चिरंजीव राजमान्य राजश्री वामनराव यांसी भगवंतशास्त्री यांचे अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी आहे आणि मांजर आहे. तुमची पोटदुखी, तुमचा पांढरा बैल आणि आमची सौ. गोदाबाई, तिघांचीही प्रकृती कळवावी. (क्रमावरून तिने रागावू नये.)

ती, म्हणजे तुमची ताई, रुसून तुमच्याकडे अकोल्यास येऊन आठ महिने झाले. कारण तुम्हांस ठाऊक आहे, पण तिच्या बाजूने. माघात कापूस असा चढला होता की लोक उशा फोडून विकत होते. मीही तिची लग्नातली गादी नत्थुजी दलालाला देऊन टाकली. (शास्त्रात निषेध आढळला नाही.) ती तुमच्या कैलासवासी मातोश्रींनी स्वहस्ते भरलेली होती, एवढे मात्र पाहायचे राहिले. आता ती विलायतेत कुणा साहेबाचा सदरा होऊन हिंडत असेल.

ताई गेली त्याच आठवड्यात नत्थुजी आला. अमेरिकेत आपसांत लढाई, म्हणून तिकडचा कापूस अडलेला आणि आपला चढलेला. वर्तमानपत्रातून त्याने हॅलम नावाच्या तिकडच्या जरनेलाचे नाव ऐकले होते. "शास्त्रीबुवा, या सायबाची पत्रिका मांडा न बाप्पा! हा लढाई कवा थांबवते ते मले समजलं पाहिजे." साहेबाची जन्मवेळ नाही, गाव नाही; तरी मी सांगितले, जातक तापट आहे, पण लवकरच शस्त्र ठेवील, चार लोकांत बोलू लागेल आणि मग परमुलखात जाऊन राहील.

आता ऐका. साहेबाच्या पायाला गोळी लागली आणि त्याने तलवार ठेवली. लोकांनी त्याला निवडून मोठ्या सभेत धाडले. तिथे तो सलोखा करा म्हणून घसा बसेपर्यंत बोलला. आणि परवाची बातमी अशी, की त्याला वकील नेमून परक्या राजाच्या दरबारी पाठवले आहे. (जन्मभर तोफेने बोललेला माणूस आता कुणाच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा असेल. लोक हसतात. मला तो माणूस समजतो.)

तेव्हापासून भविष्य विचारणारे बाजारात मला चालू देत नाहीत. लढाई संपली, कापूस पडला, आणि नत्थुजी रोज विचारतो, "सायेब घरी कवा वापस येते?" मी म्हटले, अरे, तो आला तर पुन्हा लढाई जुंपेल. "तेच त म्हणून राहिलो!" म्हणाला. मी हसलो नाही. माझे घरही आठ महिने फार शांत आहे.

लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते तुम्हांला लिहिण्यासारखे नाही.

भगवंतशास्त्री

ता. क. नत्थुजीला बोलू नये: त्या दिवशी, ताई परत कधी येईल ते पाहायला तिचीच पत्रिका मी पुढ्यात घेऊन बसलो होतो. साहेबाची म्हणून तीच वाचून दाखवली. पुढचे ग्रहांना सांगता येत नाही, तिला विचारावे.

दुसरा ता. क., मुक्काम अकोला. कापूस उतरला तशी नवी गादी भरली. टाके मी घातले. बोटे आणि गादी, दोन्ही पाहण्यासारखी झाली आहेत. ती आईच्या हातची नव्हे, हे आता मला समजते. न्यायला माणूस पाठवणार नाही असे मी म्हणालो होतो. कुणी न्यायला आल्याशिवाय येणार नाही असे ती. माझा शब्द मोडलेला नाही. हे पत्र आणणारा नत्थुजी कापसाच्या कामाने आला आहे, आणि मी तुमच्या वेशीबाहेर बैलांच्या दमणीत त्याच गादीवर बसलो आहे. आज्ञा आल्याखेरीज वकिलाने आत येऊ नये, असा रिवाज आहे. गादीला गाठी फार आहेत. आज्ञा लवकर व्हावी.