उंदरांच्या स्मृतिदिनी मी काय बोलून बसले

तीर्थस्वरूप तोशिए मावशींना भाची चिगुसाचा कमरेतून पुरता वाकून नमस्कार.

परवा समुद्रावर थंडीतली पहिली वीज कडाडली आणि लगेच दुसऱ्या दिवशी आमच्या कानाझावाच्या बाजारात जाडजूड बुरी जातीचे मासे येऊन पडले. म्हणजे तुमच्या डोंगरात आता बर्फ पडायला लागलं असणार. तुमचे गुडघे कसे आहेत? गरम कुंडाच्या पायऱ्या तुम्ही अजून स्वतःच घासता असं कानावर आलं. तसं करू नये, ही विनंती. तुमच्या अतिथीगृहात पाहुण्यांची वर्दळ असो आणि त्यातले निम्मे तरी बिनतक्रारीचे असोत. (पहिला परिच्छेद 'तुम्ही' म्हणून लिहायचा, असं आईनं शिकवलं होतं. तो संपला. आता नेहमीसारखं 'तू'.)

मावशी, मी बरी आहे. म्हणजे ताप नाही, खोकला नाही, जेवण जातं. पण मागच्या चैत्रात आमच्या प्रयोगशाळेत कुवाबारा नावाची एक बाई आली आणि तेव्हापासून माझ्या छातीत काहीतरी खुपतं आहे. मी स्वतः हृदयावरच काम करत असल्यामुळे ते हृदय नाही हे मला पक्कं माहीत आहे. तो हेवा आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी हेवा वाटणं शोभत नाही, हेही माहीत आहे. पण कुवाबारा-सान तेहतीस वर्षांची आहे, तिचे केस पावसातही सरळ राहतात, आणि आमचे विभागप्रमुख इसोगाई सेन्सेई, ज्यांनी चौदा वर्षांत माझ्या कामाला 'हं' यापलीकडे काही म्हटलं नाही, ते तिला 'हं, हं' म्हणतात. दोनदा.

तू मागे विचारलं होतंस की मी दिवसभर करते तरी काय. तेव्हा मी 'उंदीर' एवढंच म्हणून विषय टाळला होता. आज नीट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हृदयाचा झटका आला की हृदयाचा एक तुकडा मरतो. तो उचलायला अंगातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, ज्या एरवी सर्दी-पडशाशी लढतात त्याच. साफसफाई झाली की त्यांनी निघून जावं आणि डागडुजी करणाऱ्यांना जागा द्यावी, असा नियम. पण काही वेळा त्या मुक्काम ठोकतात, आणखी भाऊबंद बोलावतात आणि धडधाकट भागालाही कुरतडू लागतात. (तुझ्याकडे ते ओसाकाचं कुटुंब दोन रात्रींसाठी येऊन अकरा दिवस राहिलं होतं ना, तसंच.) मी गेली तीन वर्षं या पेशींना शांत करणारं औषध उंदरांना देते आहे. औषध न दिलेल्या माझ्या उंदरांचं हृदय, झटक्यानंतर, शंभरातले तेहतीस भाग रक्त बाहेर ढकलायचं. औषध दिलेल्यांचं पंचेचाळीस. माझा शोधनिबंध लिहून तयार होता, सेन्सेईंच्या टेबलावर होता, आणि माझ्या कराराची मुदत मार्चअखेर संपत होती. विभागात कायमची रिकामी जागा एकच. तो निबंध म्हणजे ती जागा, एवढं सरळ गणित होतं.

आणि मग कुवाबारा-सानचे उंदीर. तिचं काम वेगळं, हृदयातच जन्मभर राहणाऱ्या पेशींवरचं. ती औषध वगैरे काही देत नाही. तरी झटक्यानंतर तिच्या उंदरांचं हृदय पंचेचाळीस! औषधाशिवाय! उंदरांची जात तीच, खाणं तेच, झटका घडवणारी शस्त्रक्रिया करणारा माणूसही तोच. सेन्सेई आकडे बघून म्हणाले, "हं, हं." मी हसून अभिनंदन केलं आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मला वाटलं, ही काहीतरी चलाखी करते. सशक्त उंदीर वेचून घेत असेल, चोरून काही खाऊ घालत असेल. तेव्हा मी पाळत ठेवायचं ठरवलं. (आईला सांगू नकोस.) उंदरांच्या खोलीत जाताना आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात असतो, टोपी, मुखपट्टी, हातमोजे, नुसते डोळे उघडे. कोण कोण आहे ते ओळखूच येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. दुपारी जेवणाच्या वेळी ती आत गेली, पाठोपाठ मी, आणि पिंजऱ्यांच्या मांडणीमागे उभी राहिले. मांडणी भिंतीला फारच लागून आहे. आत शिरता आलं, बाहेर येता येईना.

"उराबे-सान," ती मागे वळूनही न बघता माझं आडनाव घेत म्हणाली, "तुम्ही अडकलात का?"

"मी... मी पाण्याच्या बाटल्या बघते आहे."

"बाटल्या या बाजूला असतात."

"मी आहे हे कसं ओळखलंत?"

"असा उसासा आपल्या मजल्यावर दुसरं कोणी टाकत नाही," ती म्हणाली, आणि मांडणी ओढून तिनं मला बाहेर काढलं. टोमणा नव्हता गं त्यात. तेच तर वाईट.

पण अडकल्या अडकल्या मी एक गोष्ट पाहिली होती. ती उंदराला शेपटीनं उचलत नाही. दोन्ही हातांची ओंजळ करते, खाली धरते, आणि उंदीर आपणहून चढेपर्यंत थांबते. कधी कधी मिनिटभर. मला चौदा वर्षांपूर्वी सेन्सेईंनीच शिकवलं होतं की शेपटी चिमटीत धरायची आणि उचलायचं, वेळ वाचतो.

"ही काय पद्धत?" मी विचारलं.

"तुम्हाला शेपटीनं उचललेलं आवडेल का?"

"मला शेपटी नाही."

"म्हणूनच विचारते," ती म्हणाली आणि पुढचा पिंजरा उघडला.

घरी गेले, भात खाल्ला, आणि भात खाता खाता माझा घासच थांबला. भ्यायलेल्या जिवाच्या हाडांतून आणि प्लीहेतून या पांढऱ्या पेशी जास्त बाहेर पडतात, हे मी स्वतः वर्गात शिकवते. मी. फळ्यावर बाण काढून. दुसऱ्या दिवसापासून बारा उंदरांना मी गुपचूप ओंजळीत घ्यायला लागले. पहिले आठ दिवस त्यातला एकही चढेना. (कुवाबारा-सानच्या ओंजळीत ते बसगाडीत बसावं तसे बसतात. माझ्याकडे बघून कोपऱ्यात जायचे. मावशी, उंदरानं नाकारलेल्या बाईचं दुःख तुला काय सांगू?) मग एक जण चढला, मग हळूहळू सगळे. मग त्यांना झटका दिला, निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना नाही, आणि सहा आठवड्यांनी त्यांची हृदयं मोजली. औषध दिलेले पंचेचाळीस. औषध न दिलेलेही पंचेचाळीस.

मला वाटलं यंत्र बिघडलं. दोन दिवस मी यंत्रालाच दोष दिला. मग कळलं, यंत्र ठीक आहे. माझं औषध उंदरांच्या हृदयावर नव्हे, माझ्या चिमटीवर उतारा होतं. तीन वर्षं मीच त्यांना घाबरवत होते आणि मीच त्यांना शांत करत होते, आणि त्या मधल्या बारा भागांना शोध म्हणत होते.

आणि मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? निबंध सेन्सेईंच्या टेबलावरच होता. मार्च जवळ येत होता. मी स्वतःला समजावलं की बारा उंदीर म्हणजे फार थोडे, आणखी तपासायला हवेत, एप्रिलमध्ये तपासू.

त्याच आठवड्यात उंदरांचा स्मृतिदिन ठरला. दर वर्षी आमच्या इमारतीमागच्या दगडापुढे सगळे जमतात, पांढरी शेवंती वाहतात, वर्षभरात प्रयोगांत गेलेल्या जिवांचे आभार मानतात. दगडापुढे बशीत उंदरांचं खाद्य, सशांसाठी गाजर. दर वर्षी एक जण पुढे उभा राहून निवेदन वाचतो, आणि आमच्या विभागाची पाळी आली तेव्हा गेल्या दोन्ही वेळा ज्यानं वाचलं त्यालाच कायमची जागा मिळाली होती. या वर्षी सेन्सेईंनी मला सांगितलं. बातमी कळताच कुवाबारा-सान धावत आली, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि मला आवडतो तो काळ्या तिळाचा मोची, म्हणजे तांदळाचा मऊ लाडू, पुढे केला. डोळ्यांत खरा आनंद. मी तो लाडू चावत विचार करत होते, हिला माझा हेवा का वाटत नाही? माझ्यात हेवा करण्याजोगं काहीच नाही का? एवढा अपमान माझा कोणी केला नव्हता.

तो दिवस उजाडला. ऊन छान होतं. दोनशे माणसं काळ्या कपड्यांत, संस्थेचे प्रमुख पहिल्या रांगेत. मी पुढे झाले, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत होतं, 'तुमचे प्राण वाया गेले नाहीत, तुम्ही आम्हाला खरं ज्ञान दिलंत.' दर वर्षीचंच वाक्य. मी ते शंभरदा ऐकलं आहे. पण ते मला वाचता येईना. मी कागद घडी करून ठेवला आणि दगडाला म्हणाले, "माफ करा. मी तुम्हाला शेपटीनं उचलत होते. तुम्ही घाबरलात म्हणून तुमची हृदयं लवकर दमली. माझ्या औषधात काही नव्हतं. हे मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे. योग्य पद्धत कुवाबारा-सानची आहे, आणि हे सांगताना मला अजूनही तिचा राग येतो आहे."

आता इथे आपल्या लोकांची शिस्त बघ. शेवटचं वाक्य, 'शांतपणे विसावा घ्या', म्हणेपर्यंत कोणी मान वर करायची नाही, असा रिवाज. आणि मी ते वाक्य विसरले. पार विसरले. दोनशे माना खाली. प्रमुखांची मान तर आधीच दुखरी, तिला त्यांनी खास पट्टा लावला होता. कोणी हलेना, कोणी बोलेना, एक कावळा गाजर घेऊन गेला तरी कोणी बघेना.

तेव्हा मागच्या रांगेतून पावलं ऐकू आली. कुवाबारा-सान, आमच्या विभागातली सगळ्यांत धाकटी, प्रमुखांच्या आणि सेन्सेईंच्या आधी चालत पुढे आली, दगडापुढे फूल ठेवलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "शांतपणे विसावा घ्या." दोनशे माना एकदम वर. आपल्याकडे असं कोणी करत नाही, मावशी. मानाचा क्रम तोडून! आता सगळी इमारत तिच्या धीटपणाबद्दल बोलते. जन्माचा कबुलीजबाब दिला मी, आणि कौतुक बघ कोणाचं.

संध्याकाळी सेन्सेईंनी बोलावलं. "उराबे-सान, एवढंच सांगायचं होतं तर माझ्या खोलीत का नाही आलात?"

"तुमच्या खोलीत मला खोटं बोलता आलं असतं, सेन्सेई."

त्यांनी टेबलावरून माझा निबंध उचलला. "चिमटीत धरायला तुम्हाला मीच शिकवलं," म्हणाले. मग तो माझ्या हातात परत दिला. नव्यानं लिहा म्हणाले, हातांबद्दल लिहा, दोघी मिळून. आणि शेवटी म्हणाले, "हं, हं." मी मोजलं. दोनदा.

तर असं आहे. आता मन हलकं आहे, हेवा बिलकुल उरलेला नाही. स्वतःला जप.

तुझी,
चिगुसा

ता. क. कायमची जागा कुवाबारा-सानला मिळाली. हे वर लिहायचं राहून गेलं. (राहून गेलं नाही. तीनदा लिहिलं आणि तीनदा कागद बदलला.) तिनं सेन्सेईंकडे अट घातली की पुढची तीन वर्षं उराबे-सान माझ्याबरोबर हव्यात. म्हणजे आता ती माझी वरिष्ठ. मी अजून हो म्हटलेलं नाही.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे की निबंध लिहायला आम्हाला निवांत जागा हवी आहे. नव्या वर्षाच्या चौथ्या तारखेपासून पाच दिवस तुझ्याकडे दोन खोल्या मिळतील का? एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी. नसतील तर एक चालेल. एकच दे, खरं तर. ती रात्री लवकर झोपते आणि त्याआधी मला तिच्याशी बोलायचं आहे, ते दिवसा उजेडी सुचत नाही.

ता. क. मी काल तिला हो म्हटलं. पण मावशी, एक हात जोडून विनंती. ती तुझ्या स्वयंपाकाची तारीफ करेल, ताटं उचलेल, तुझे गुडघेही चेपून देईल. ती तुला आवडणारच आहे, त्याला माझा इलाज नाही. फक्त माझ्यादेखत आवडू देऊ नकोस.